हाताची खूण

शेडगेदादांनी पत्त्यांच्या मागे बोटाने दोनदा टकटक केली. तरी हेमांगीने विचारलं, "सर, हिट?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि परत दोनदा टकटक केली. टेबलाच्या हिरव्या कापडाखाली लाकूड होतं, त्यावर त्यांची अंगठी वाजली. मग तिने पेटीतून पत्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला. चौकटची नव्वी.

"ट्वेंटी-फोर," ती म्हणाली. "बस्ट."

आणि तिने त्यांचे पत्ते उचलले, चिप्स उचलल्या.

मी त्यांच्या मागे चार हातांवर उभा होतो. मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटीवर मी तेव्हा सिक्युरिटीत होतो. काळा कोट, कानात वायर. रविवारची दुपार होती. बाहेर कडक ऊन होतं, पण आत पडदे कायम ओढलेले, त्यामुळे आतल्या माणसाला वेळ कळत नसे. माझं काम एवढंच, कोणी दंगा केला तर दंडाला धरून बाहेर न्यायचं. मारायचं नाही. मारायला पूर्ण बंदी होती.

ब्लॅकजॅकचं टेबल होतं. मी सातवी शिकलेला, पण तिथे उभं राहून राहून तो खेळ मलाही कळायला लागला होता. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. एकवीसच्या वर गेलात की बस्ट, म्हणजे मेलात. राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे. आणखी पत्ता हवा तर हिट, नको तर स्टँड. शेडगेदादांकडे बदामचा राजा आणि पंजी होती, म्हणजे पंधरा. हेमांगी पत्ते वाटणारी, म्हणजे डीलर. तिचा एक पत्ता उघडा होता, छक्की. डीलरची छक्की उघडी असताना पंधरावर कोणी शहाणा पत्ता मागत नाही. डीलर स्वतः मरायची वाट बघायची असते. हे ग्लास उचलणाऱ्या वेटरलाही ठाऊक होतं.

शेडगेदादा शेवटच्या खुर्चीवर होते. त्यांच्यानंतर डीलरची पाळी. हेमांगीने आपला झाकलेला पत्ता उलटला. इस्पिकची राणी. सोळा झाले. सोळावर डीलरला पत्ता घ्यावाच लागतो. तिने घेतला. किलवरची चव्वी. वीस.

पहिल्या दोन खुर्च्यांवर हुबळीचे एक नवरा-बायको होते. त्यांचे अठरा आणि एकोणीस होते. दोघंही हरले. बाईंनी कपाळावर हात मारला आणि हिंदीत म्हणाल्या, "वो नौ तो डीलर को आना था. ये भाईसाब खा गये."

खरंच होतं ते. शेडगेदादांनी नव्वी घेतली नसती तर ती हेमांगीला आली असती, सोळा आणि नऊ पंचवीस, डीलर मेला असता आणि सगळे जिंकले असते. शेवटच्या खुर्चीवरचा माणूस असा चुकला की सगळं टेबल त्याला शिव्या घालतं.

शेडगेदादांचा चेहरा बदलला. कराडकडचा माणूस, मोठा ट्रान्सपोर्टवाला, गळ्यात बोटाएवढी चेन. सकाळपासून पीत होता. सोबत पोपट नावाचा त्याचा माणूस होता. तो सारखा मागे-पुढे करायचा.

"मी नको म्हणालो हुतो," शेडगेदादा म्हणाले.

"सर, आपण हिट दाखवलं," हेमांगी म्हणाली.

"तोंडानं काय म्हणालो? नको म्हणालो. पोपट, काय म्हणालो मी?"

"नको म्हणालासा, दादा," पोपट म्हणाला. "पर ते मी कबाबाची ताटली पुढं केली तवा..."

"तू गप रं!"

हुबळीचा नवरा हसला. ते हसणं नडलं.

तिथे तोंडाने बोललेलं धरत नसत. प्रत्येक टेबलाच्या वर छतात कॅमेरा असायचा, आणि कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून हाताचीच खूण चालायची. पत्ता हवा तर बोटाने टकटक. नको तर तळहात आडवा करून पत्त्यांवरून हवेत फिरवायचा. मुका माणूसही तो खेळ खेळू शकला असता. आणि वाद झाला तर डीलरने काय करायचं तेही ठरलेलं. दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवायचे, बोटं पसरायची, आणि सुपरवायझरने "कॅरी ऑन" म्हणेपर्यंत ते उचलायचे नाहीत. म्हणजे त्या वेळात डीलरने काही लपवलं, हलवलं असं कोणी म्हणू शकत नाही.

हेमांगीने "सुपरवायझर!" म्हणून हाक दिली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

मिनेझिसबाब आले. ते त्या भागाचे सुपरवायझर. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि वर कॅमेऱ्याच्या खोलीत विचारलं. आम्ही सगळे थांबलो.

"कुठली गं तू?" शेडगेदादांनी विचारलं.

"इथलीच, सत्तरी तालुक्यातली, सर."

"मराठी बोलतीस चांगली. मग नको म्हणलेलं कळंना व्हय तुला?"

"कळतं, सर. आपण ताटलीला नको म्हणालात. मी आपल्याला विचारलं, आपण परत टकटक केली."

"म्हंजी मी खोटं बोलतोय?"

तिचे हात तसेच होते, पसरलेले. नखं कापलेली, अंगठी नाही, बांगडी नाही. डीलरला काही घालायची परवानगी नसते.

"मी ईस वर्सं ह्यो खेळ खेळतोय," शेडगेदादा म्हणाले. "पंध्रावर पत्ता मागंन मी? छक्की दिसत असताना? मी काय येडा हाय? कराडात लोकांना कळलं तर त्वांडात शेण घालतील माज्या."

"दादा, जाऊ द्या की," पोपट म्हणाला. "एका हातानं काय हुतंय."

"तुला गप म्हणलं न्हवं मी?"

मिनेझिसबाबांनी फोन ठेवला. ते हसतमुख चेहऱ्याने आले. गिऱ्हाइकाला वाईट बातमी देताना हसावं असं त्यांना शिकवलेलं होतं.

"सर, वरून सांगतात, हिट आहे. क्लियर हिट. दोन वेळा. सॉरी सर. आज रात्रीचं जेवण आमच्याकडून."

"जेवान?" शेडगेदादा म्हणाले. "मी भिकारी हाय व्हय रे?"

तेव्हा आत सिगारेट चालायची. टेबलावर जाड काचेचा ॲश ट्रे होता, किलोच्या वजनाएवढा जड. त्यांनी तो उचलला. राख त्यांच्याच मांडीवर सांडली. मला वाटलं, जमिनीवर आपटतील. पुष्कळ जण आपटायचे.

त्यांनी तो हेमांगीच्या उजव्या हातावर मारला.

आवाज मला अजून आठवतो. काच नाही फुटली. आत काहीतरी फुटलं.

मिनेझिसबाब "कॅरी ऑन" म्हणाले नव्हते. म्हणून तिने हात उचलला नाही. आज हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण मी बघितलं. तिने हात उचलला नाही. तिने मिनेझिसबाबांकडे बघितलं, उचलू का म्हणून विचारतात तसं. आणि ते तोंड उघडं टाकून उभे.

"ह्योच हात न्हवं?" शेडगेदादा ओरडले. "ह्योच? ह्यानंच पत्ता दिलास न्हवं?" आणि दुसऱ्यांदा मारला.

पुढचं मी क्रमाने सांगू शकतो, कारण नंतर मला छतातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग टीव्हीवर दाखवलं. माझ्या आठवणीत ते तसं नाही.

मी मागून त्यांच्या केसांना धरलं आणि त्यांचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. ती कड लाकडाची होती, वर चामडं लावलेलं, पण खाली लाकूडच. नाक गेलं. ते वळले, हातातला ॲश ट्रे माझ्या कानावर बसला, मला काही जाणवलं नाही. मी कोपर घातलं. ते स्टुलासकट मागे पडले. मी त्यांच्या छातीवर गुडघा ठेवला आणि जबड्यावर मारायला लागलो. पोपट माझ्या पाठीवर चढला, माझा गळा धरला. मी त्याला खांद्यावरून पुढे फेकला. तो पडला आणि उठला नाही, त्याचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मग मी शेडगेदादांचा उजवा हात, अंगठीचा, खाली पाय ठेवायच्या पितळेच्या दांडीवर ठेवला आणि त्यावर बूट घातला. दोनदा. ते ओरडत होते. तोंडातून रक्त आणि दात येत होते. एक दात माझ्या मुठीत रुतला होता. मी त्यांच्या केसांना परत धरलं आणि डोकं त्याच पितळेच्या दांडीवर आपटायला उचललं.

लोक ओरडत होते. कानातल्या वायरीत कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडत होतं, "सगुण! सगुण, स्टॉप!" मिनेझिसबाब ओरडत होते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग माझ्या डोळ्यांपुढे एक हात आला. रक्ताने भरलेला, मधली दोन बोटं नको तिकडे वळलेली. तो हात आडवा झाला आणि शेडगेदादांच्या तोंडावरून हवेत फिरला. एकदा, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. सावकाश.

स्टँड. बास. आता पत्ता नको.

ती खूण मी रोज, दिवसभर, टेबलांमागे उभा राहून बघत होतो. माझे हात सुटले. शेडगेदादांचं डोकं माझ्या हातातून खाली कारपेटवर पडलं.

हेमांगी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. ती टेबल ओलांडून आली होती, हे डीलरने कधीच करायचं नसतं. तिच्या तोंडाला रंग नव्हता.

"मरेल तो," ती म्हणाली. "सगुण, मरेल तो."

तिने माझं नाव तोंडाने घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पोलिसांनी मला बोटीवरून लाँचने किनाऱ्यावर नेलं. कोठडीत पट्ट्याने मारलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला विचारत होते, "कशाने मारलंस, आणखी काय हत्यार होतं?" मी म्हणालो, "हातांनी." त्यांना ते पटत नव्हतं, एवढी त्या माणसाची अवस्था झाली होती. जबडा दोन ठिकाणी मोडला, नाक गेलं, मनगट गेलं, एका डोळ्याने दिसेल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते.

नंतर इन्स्पेक्टर आले आणि गजांपाशी खुर्ची ओढून बसले. ते शांत माणूस होते.

"सगुण, मी अजून काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "लिहिलं की खुनाचा प्रयत्न. मग माझ्या हातात राहत नाही. तू दहा वर्षं आत. समजलं?"

"समजलं."

"कराडची माणसं आलीत. ते म्हणतात, तक्रार नाही करायची. पाय घसरून पडला म्हणतील. त्यांनाही हे पेपरात नकोय. पण एक अट आहे."

"काय?"

"त्या मुलीने त्यांच्यासमोर यायचं आणि म्हणायचं की हात तिने चुकीचा वाचला. साहेबांनी पत्ता मागितला नव्हता. कंपनी तयार आहे. तिने तिच्या हाताचीही तक्रार करायची नाही."

"ती नाही म्हणेल," मी म्हणालो.

"का?"

"ती चुकलेली नाही."

इन्स्पेक्टर म्हणाले, "पोरा, ते कोणी विचारतंय का?"

मला खरंच वाटत होतं, ती नाही म्हणेल. मी तिला ओळखत होतो ते एवढंच. आम्ही कामगारांच्या लाँचने एकत्र यायचो-जायचो. ती कधीकधी मला टेबलावरच्या भाषेतलं काही समजावून सांगायची. पुश म्हणजे बरोबरी, कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. स्प्लिट म्हणजे सारखे दोन पत्ते आले तर दोन डाव करायचे. एकदा म्हणाली होती, "आमच्या बॅचमध्ये बावीस जण होते ट्रेनिंगला. माझा एकही हात चुकीचा निघाला नाही आजवर. वरून एकदाही फोन नाही." ती स्वतःबद्दल एवढंच बोलली होती. हात चुकीचा वाचणारा डीलर दुसऱ्या कुठल्याही बोटीवर लागत नाही. सगळे सुपरवायझर एकमेकांना ओळखतात. तिच्या बोटांचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुळतील, परत पत्ते धरता येतील. म्हणजे ती परत उभी राहू शकत होती. फक्त ते वाक्य बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बेड्या घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. खाजगी खोली. शेडगेदादांचा जबडा तारांनी बांधलेला होता, तोंड उघडत नव्हतं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून लिहिताही येत नव्हतं. एक डोळा पट्टीखाली. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी मला बघितलं आणि मान भिंतीकडे केली. पोपट खांद्याला पट्टा बांधून खुर्चीवर होता. कराडचे दोन-तीन जण, पांढऱ्या कपड्यांतले. कंपनीचा वकील. मिनेझिसबाब कोपऱ्यात.

हेमांगी आली. साधा पंजाबी ड्रेस, उजव्या हाताला बँडेज, गळ्यात अडकवलेला. तिने माझ्या बेड्या बघितल्या, माझा सुजलेला चेहरा बघितला. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"बोला, बाई," एक कराडकर म्हणाला. "काय झालं हुतं?"

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "साहेबांचा हात मी चुकीचा वाचला. त्यांनी पत्ता मागितला नव्हता."

मी म्हणालो, "हेमांगी, नको..." आणि हवालदाराने माझ्या मानेत कोपर घातलं.

शेडगेदादांनी डोकं वळवलं. तिच्याकडे एका डोळ्याने बघितलं. मग डाव्या हाताच्या बोटाने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर टकटक केली. दोनदा.

"काय पायजे, दादा?" पोपट उठला. "पाणी?"

त्यांनी डोळा हलवला नाही. परत टकटक केली. दोनदा.

"नर्सला बोलवू?"

"नर्स नको," हेमांगी म्हणाली. "आणखी एकदा म्हणायला सांगतायत."

शेडगेदादांनी बोट उचललं ते तसंच राहिलं. आत्ताच त्यांचा हात चुकीचा वाचला म्हणून सांगणाऱ्या बाईने त्यांचा हात वाचला होता, आणि खोलीत ते दोघांनाच कळलं होतं. मलाही कळलं. तिसरा मी.

ती परत म्हणाली. या वेळी मोठ्याने. "साहेबांचा हात मी चुकीचा वाचला. चूक माझी आहे."

त्यांनी बोट खाली ठेवलं. मान परत भिंतीकडे केली.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर इन्स्पेक्टरांनी माझ्या बेड्या काढल्या आणि म्हणाले, "जा." बाहेर रिक्षांची रांग होती. ती चालत होती, मी मागून गेलो.

"तू का बोललीस?" मी विचारलं. "तू चुकली नव्हतीस."

"मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे."

"मग सांगूया की सगळ्यांना."

ती थांबली. "सगुण, एकदा बोलले ते बोलले. आता कोणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर ते परत तुला धरतील, आणि मी तिथे उगाच उभी राहिले असं होईल. कळलं?"

"कळलं."

"शपथ घे."

मी घेतली.

तिला कुठल्याही बोटीने घेतलं नाही. तिने डिचोलीला काजूच्या कारखान्यात काम धरलं, वाकड्या बोटांनी गर निवडायची. मला तर कोणीच कामाला ठेवेना. मी उसना टेम्पो चालवायला लागलो. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. माझ्या आईला बोटीवरची गोष्ट नातेवाइकांना सांगायला आवडायची. हातवारे करून सांगायची. "सून पत्ते वाटायची, एकदा तिचा हात चुकला आणि माझ्या मुलाने तिच्यासाठी मारामारी केली." हेमांगी चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "हो ना, चुकला." मी उठून बाहेर जायचो. शेडगेदादा पाच-सहा वर्षांपूर्वी वारले, तेव्हा मी म्हटलं, "आता तरी सांगू?" ती म्हणाली, "कशाला आता?"

या वैशाखात ती गेली. कावीळ झाली, ती उतरली नाही.

तेराव्याला मिनेझिसबाब आले. खूप थकले होते, काठी होती. चटईवर बसले, जेवले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "हात फार सफाईचा होता हिचा. असा हात मी परत पाहिला नाही. ती एकच चूक झाली, बिचारीची."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चेष्टा करत नव्हते. कंपनीने जे सांगायला लावलं तेच ते एवढी वर्षं सांगत आले होते, आणि आता त्यांना तेच खरं वाटत होतं.

"मिनेझिसबाब," मी म्हणालो. "त्या दिवशी फोनवर वरून काय सांगितलं होतं?"

"कसला फोन?"

"भिंतीवरचा. तुम्ही उचललात. वरच्यांनी काय सांगितलं?"

माझी मुलगी ताटं उचलत होती, ती थांबली. बायका बोलायच्या थांबल्या. माझा आवाज बहुतेक चढला होता. मी त्यांच्या मनगटाला धरलं होतं तेही मला नंतर दिसलं.

"काय सांगितलं?"

त्यांचे ओठ हलले. मग म्हणाले, "हिट."

"पुढे?"

"क्लियर हिट. दोन वेळा."

"म्हणजे काय, बाबा?" मुलीने विचारलं.

मी मिनेझिसबाबांचं मनगट सोडलं नाही. "सांगा तिला."

"तुझी आई चुकली नव्हती, बाय," ते म्हणाले. "त्याने पत्ता मागितला होता."

आत माझी आई बसली होती, तिला कमी ऐकू येतं.

"आणखी एकदा," मी म्हणालो. "मोठ्याने."